चार नंबरची खोली

शिलाईच्या धंद्यात कापड बेतून कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. या गोष्टीतल्या मास्तर म्हणजे एक बाई. वय बेचाळीस. दिराच्या दुकानात एकोणीस वर्षं उभ्याने कात्री चालवून त्यांच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. नवरा गेल्यावर दिराने त्यांना दुकानात कामाला ठेवून घेतलं. हे उपकार तो स्वतः विसरत नसे आणि दुसऱ्या कुणाला विसरू देत नसे.

समुद्राकाठच्या मोठ्या शहरात गणवेशांच्या कारखान्याला कटिंग मास्तर हवा असल्याचं त्यांना कळलं. शुक्रवारी दुपारी तीनला कापड बेतून दाखवायची परीक्षा होती. घरी त्यांनी मैत्रीण आजारी असल्याची थाप मारली, टॉवेलात स्वतःची कात्री गुंडाळली आणि गुरुवारी संध्याकाळी त्या शहरात उतरल्या.

त्या शहरात बाराही महिने एकच ऋतू, घामाचा. स्टेशनामागच्या गल्लीत पत्रे कापणाऱ्यांच्या दुकानांसमोर एक तीन मजली गेस्ट हाउस होतं. नवरा-बायको मिळून ते चालवत. नवरा टॅक्सीही चालवायचा. बायकोला सगळे पाहुणे वहिनी म्हणत. वहिनी एक हात कमरेवर ठेवून जिना चढत होत्या आणि प्रत्येक वळणावर भिंतीला टेकून श्वास घेत होत्या.

"पाच नंबर तुमची. बाथरूम चार आणि पाचला मिळून एक आहे, पण चारमध्ये आमचे सासरे असतात आणि त्यांना बाथरूम लागत नाही. म्हणजे तुमचीच समजा."

लागत नाही म्हणजे काय, ते मास्तरांना उघड्या दारातून दिसलं. पलंगावर एक दांडगा म्हातारा उताणा पडला होता. तीस वर्षं त्याने बंदरात फेरीबोट चालवली होती, म्हणून अख्खी गल्ली त्याला कॅप्टन म्हणायची. आठ महिन्यांपूर्वी डावी बाजू लुळी पडली. तेव्हापासून कुशीवर वळवणं, अंग पुसणं, भांडं देणं, चादर बदलणं, सगळं वहिनीच करत होत्या.

"ऐंशी किलो," वहिनी म्हणाल्या. "आजारपणात माणूस वाळतो म्हणतात. आमचे बाबा नाही हो वाळत."

शुक्रवारी दुपारी बाराला वहिनींनी पाचचं दार ठोठावलं. त्यांच्या पाठीचा एक्स-रे काढायचा होता, नवरा टॅक्सीतून नेणार होता. "चारपर्यंत येतो आम्ही. बाकीचे दोघे पाहुणे औषधं विकायला गेलेत, ते काही अंधार पडल्याशिवाय येत नाहीत. बाबांजवळ पाणी ठेवलंय. तुम्ही निघालात की खालचं दार नुसतं ओढून घ्या."

एक वाजता मास्तर अंघोळीला गेल्या. दमट हवेने दार फुगलं होतं, ते त्यांनी जोर लावून ढकलून बंद केलं. अंघोळ झाली, कपडे घातले, मूठ फिरवली आणि मूठ हातात आली. मुठीमागची चौकोनी सळई दारातून पलीकडे सरकली आणि बाहेरच्या मुठीसकट व्हरांड्यात खणकन पडली. दारात बोटभर चौकोनी भोक राहिलं. त्यातून समोरच्या भिंतीचा निळा रंग दिसत होता.

सुरुवातीला त्यांना हसूच आलं. मग त्यांनी भोकात टूथब्रशची दांडी घालून पिळली, ती मोडली. कंगवा घातला, त्याचेही दात गेले. दार आत उघडणारं होतं, त्यामुळे खांदा मारून काही उपयोग नव्हता. फोन खोलीत चार्जिंगला होता. "कुणी आहे का?" त्या ओरडल्या. समोरच्या दुकानात पत्रा कापण्याचं यंत्र किंचाळत होतं.

वर छताजवळून, भिंतीच्या पलीकडून आवाज आला. "कोण?"

"मी! पाच नंबरची! दाराची मूठ निघाली हो!"

"वाटलंच," कॅप्टन म्हणाला. "कधीपासून सांगतोय मुलाला, ते दार बदल. घरात कुणी नाही. चारपर्यंत कळ काढा."

"तीनला माझी परीक्षा आहे!"

"या वयात कसली परीक्षा?"

मास्तरांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर चढल्या. बाथरूम आणि चार नंबर यांच्यामधल्या भिंतीत छताजवळ काचेच्या पट्ट्यांची झडप होती. एक पट्टी त्यांनी जोर लावून ओढली, ती तडकली आणि डाव्या तळव्यात घुसली. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पण फटीतून खोली दिसली. पलंग, चादरीखालचे दोन पाय आणि पलीकडे ही मोठी खिडकी. खिडकीत छपरांच्या वर बंदराचं पाणी चकाकत होतं. तेवढ्यात कॅप्टननेही मान वळवली. दोघांची नजरानजर झाली.

"रक्त येतंय तुम्हाला," तो म्हणाला.

"येऊ दे. तुम्ही खिडकीतून हाक मारा ना कुणाला तरी!"

त्याने मारली. आवाज भारदस्त होता, पण पत्र्याच्या यंत्रापुढे वाया गेला. दोनदा, तीनदा ओरडून तो थांबला. "मला उठता आलं असतं तर," म्हणाला आणि बोलणं अर्ध्यावर सोडून खिडकीकडे बघत राहिला.

मास्तरांनी तळव्याभोवती ओढणीची चिंधी बांधली आणि बादलीवर उभ्या राहूनच त्याला सगळं सांगितलं. का सांगितलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. दीर, दुकान, एकोणीस वर्षं, आजारी मैत्रिणीची थाप. "आज गेले नाही तर परत त्याच टेबलाशी. पुढची एकोणीस वर्षं. मग तुमच्यासारखं मलाही कुणी तरी कुशीवर वळवेल, तेही उपकार म्हणून."

बाथरूमचा बल्ब उडाला, समोरचं यंत्र मात्र किंचाळतच होतं. आत अंधारून आलं, वर झडपेच्या फटीतून जरासा उजेड आणि दाराच्या भोकातून उजेडाची एक काडी तेवढी आत येत होती. छतावरच्या टाकीतून येणारं पाणीसुद्धा कढत होतं. अंगातला कोरडा कुडता घामाने पुन्हा भिजला. खालच्या चर्चच्या की शाळेच्या घड्याळाचे दोन टोले त्यांनी ऐकले. त्या बादलीवरून उतरल्या आणि ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या.

"पाच नंबर," कॅप्टनने हाक मारली. त्यांनी उत्तर दिलं नाही. ओरडण्यात आता काय होतं?

"अहो मास्तर! बोला काही तरी. चक्कर आली का?"

डोळ्यांपुढे खरोखरच काजवे चमकत होते.

मग पलंग करकरला. मास्तरांना वाटलं, म्हातारा वळायला बघतोय, पडेल. पण पुढचा आवाज पडण्याचा नव्हता. पाऊल वाजलं. मग दुसरं, जरा घासत. पुन्हा पहिलं. चारचं दार उघडलं, व्हरांड्यात पावलं आली, कुणीतरी हुंकार देत वाकलं, भोकातली उजेडाची काडी विझली आणि सळई आत आली. दार उघडलं.

बनियन आणि लुंगीतला कॅप्टन भिंत धरून उभा होता. उभा! कपाळावरून घाम निथळत होता, पण गुडघे ताठ होते.

मास्तर भिंतीच्या आधाराने उठल्या.

"अडीच वाजलेत," तो म्हणाला. "निघा."

"तुम्ही चालता?"

"तीन महिने झाले."

"आणि वहिनी रोज तुम्हाला..."

"आजारी पडण्याआधी अकरा वर्षं मी खाली झोपलो. जिन्याखाली, काउंटरमागे. खोल्या पाहुण्यांच्या, घर पाहुण्यांचं. लुळा पडलो तेव्हा ही खोली मिळाली. चालतोय म्हटलं की पुन्हा जिन्याखाली." त्याने खिडकीच्या दिशेने मान हलवली. "इथून फेरीबोटी दिसतात. आणि सूनबाई दिवसातून दोनदा बसते, बोलते. पूर्वी 'जेवलात का' एवढंच विचारायची. तिला सांगू नका. मी तुम्हाला सोडवलं, एवढं तरी लक्षात ठेवा."

तासाहून जास्त वेळ हा माणूस त्यांना कोंडलेलं ऐकत पडून होता. मास्तरांच्या ओठांवर शिव्या आल्या होत्या, पण त्याच माणसाने दारही उघडलं होतं. त्यांनी कात्री उचलली आणि पळाल्या.

कारखान्यात त्या वीस मिनिटं उशिरा पोचल्या. फ्लोअर मॅनेजरने घड्याळाकडे बघितलं, मग चिंधी बांधलेल्या हाताकडे. "कापताना लागलं की न कापताच?" बाकीचे उमेदवार हसले. त्यांना सगळ्यात शेवटी टेबल मिळालं. जाड खाकी कापडाचे चाळीस थर, त्यातून बारा मापांच्या पँटी बेतायच्या होत्या. खडू हातात आल्यावर मात्र त्यांचं डोकं शांत झालं. डाव्या हाताची एकच काळजी होती, रक्ताचा थेंब कापडावर पडता कामा नये. त्यांनी अशी मांडणी केली की कडेला चार बोटं कापड उरलं. मॅनेजर टेबलाभोवती दोनदा फिरला, ती उरलेली पट्टी बोटाने मोजली आणि म्हणाला, "सोमवारी आठला या. वेळेवर."

आनंद व्हायला हवा होता. परतीच्या रस्त्यावर मात्र त्यांच्या कानात तेच वाजत होतं, एक पाऊल सरळ, एक घासत.

सहा वाजता गेस्ट हाउसमध्ये त्या शिरल्या तेव्हा वहिनी काउंटरवर बसल्या होत्या. कमरेला रुंद पट्टा होता. "मणका सरकलाय," त्या हसतच म्हणाल्या. "सहा महिने काही उचलायचं नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, मग तुम्ही येता का बाबांना उचलायला? आणि अहो, मूठ निघाली होती म्हणे? बाबांनी सांगितलं. कशा सुटलात?"

"सुटले कशी तरी," मास्तर म्हणाल्या. आयुष्यातली दुसरी थाप, तीही दोन दिवसांत.

"एक मदत करता का? चादर बदलायचीय. हे टॅक्सी घेऊन गेलेत. तुम्ही फक्त खांदा धरा."

नाही कसं म्हणायचं? दोघी वर गेल्या. कॅप्टन उताणा पडला होता, नजर छताला. मास्तरांनी त्याच्या डाव्या खांद्याखाली हात घातला, वहिनींनी उजव्या. "एक, दोन," वहिनी म्हणाल्या आणि तीन म्हणताना त्यांचा चेहरा पांढरा पडला. मास्तरांच्या हातांना एकोणीस वर्षांत कापडाचं वजन कळत आलं होतं. माणसाचंही कळलं. हे अंग लुळं नव्हतं. हा माणूस मुद्दाम जड होत होता.

दुखऱ्या तळव्यातून कळ आली. एक शब्द बोललं तर आपल्याला सोडवणाऱ्याशी बेइमानी होणार होती, आणि गप्प राहिलं तर समोरची बाई मोडणार होती. त्यांना पुन्हा त्या बाथरूमसारखं वाटलं, दार आहे आणि मूठ नाही.

"वहिनी, तुम्ही सोडा," त्या म्हणाल्या.

"पडतील ना!"

"सोडा म्हणते ना."

वहिनींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. म्हाताऱ्याचे डोळे मास्तरांवर रोखलेले होते, विनवणीने भरलेले. मास्तरांनी नजर काढून घेतली नाही. "कॅप्टन, त्यांचा मणका सरकलाय," एवढंच म्हणाल्या.

वहिनींनी हात काढला. मास्तरांनीही काढला.

कॅप्टन पडला नाही. बराच वेळ तो अर्धवट बसून राहिला. मग त्याने स्वतःच पाय खाली सोडले आणि पलंगाचा कठडा धरून उभा राहिला. त्याची मान खाली होती.

रिकाम्या पलंगावर वहिनी हळूच टेकल्या. "कधीपासून?"

"तीन महिने."

"आणि भांडं?" वहिनींचा आवाज चिरकला. "भांडंसुद्धा मी देत होते, बाबा!"

जिन्याखालच्या जागेबद्दल तो काहीतरी पुटपुटला, खिडकीबद्दलही.

"खिडकी," वहिनी म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून मी स्वयंपाकघरामागच्या बोळात झोपते. तिथे तर झरोकासुद्धा नाही. मला कुणी विचारलं?" त्यांनी खिडकीकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच. बंदरातून एक बोट दिवे लावून निघाली होती. मग त्या पाय वर घेऊन, पट्ट्यासकट, त्या पलंगावर आडव्या झाल्या.

मास्तर आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून बसल्या. त्यांना ना जिंकल्यासारखं वाटत होतं, ना चुकल्यासारखं. थोड्या वेळाने कॅप्टनचा मुलगा आला. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. आधी तो बापावर तडकला, मग बायकोला म्हणाला, "बरं, ऊठ आता. ते औषधवाले ही खोली मागतायत."

"त्यांना बोळ दाखव," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे? तू इथे किती दिवस राहणार?"

"डॉक्टर सहा महिने म्हणालेत."

मुलगा बहुधा बापाकडे बघत असावा, कारण कॅप्टनच बोलला. आवाज अजून खालचाच होता. "काउंटर मी बघतो. चहा पण मीच आणून देईन वर. जिना चढता येतो मला."

"साखर कमी," वहिनी म्हणाल्या. "आणि जाताना दार ओढून घ्या."