मोकळी वाट

गावामागून तळ्याकडे जाणारी पायवाट सांभाळायला एक पायवाट मंडळ होतं, आणि त्या मंडळात एक माणूस असा होता ज्याला ती वाट बघवत नसे. तो म्हणजे गावचा सलूनवाला. वाकडीतिकडी वाट, दोन्हीकडून अंगावर येणारी झुडपं, गुडघाभर गवत. महिनोन्महिने कात्री न लागलेलं डोकं समोर बसवावं आणि त्याला हात लावायची बंदी करावी, तसं त्याला व्हायचं. मंडळाच्या अध्यक्ष, शाळेतल्या निवृत्त बाई, दर बैठकीत बजावायच्या, "दगड काढा, कचरा उचला, पण वाटेच्या काठाला हात लावायचा नाही. पाखरांची घरं आहेत ती." सलूनवाला मान डोलवायचा. मान डोलवायला त्याचं काय जात होतं!

त्याच्या थोरल्या बहिणीचा मात्र त्या वाटेवर भारी जीव. नवरा गेल्यावर ती भावाच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आली होती. उभा जन्म शिवणकाम केलं, पण अलीकडे मशीन झाकून ठेवलं होतं. विचारलं तर म्हणायची, "कंटाळा आला रे आता." संध्याकाळी तळ्यापर्यंत जाऊन यायचा मात्र तिला कधी कंटाळा आला नाही, आणि सोबत कुणी आलेलं तर अजिबात खपायचं नाही. भावजय एकदा फारच मागे लागली, तेव्हा ती म्हणाली, "दिवसभर तुमचीच असते ना मी? तेवढा वेळ माझा असू दे."

एकदा ती परत आली ती फाटक्या बाहीनं, हातावर लाल ओरखडे घेऊन. सलूनवाल्याचा पारा चढला.

"वळणावरचं ते काटेरी झुडूप ना? आज बाही फाटली, उद्या डोळ्यात काटा जाईल!"

"असू दे रे छोट्या." पन्नाशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या भावाला ती अजून छोट्याच म्हणायची. "ओळखीचं आहे ते."

झुडपाशी कसली आलीय ओळख? त्याने मनाशी खूणगाठ बांधली. पुढच्याच आठवड्यात ताई लेकीकडे राहायला गेली आणि त्याला आयतीच संधी मिळाली. दुकान बंद ठेवून तो कोयता आणि बागेची मोठी कात्री घेऊन वाटेला भिडला. काटेरी झुडूप त्याने मुळापासून काढलं. मग म्हटलं, एवढं केलंच आहे तर बाकीचं तरी का ठेवायचं? उग्र वासाचं रानझुडूप गेलं, मधमाश्या घोंघावायच्या त्या वेली गेल्या, गवत तर त्याने दोन्ही बाजूंनी असं उतरवलं की मशीन फिरवलेली मान वाटावी. संध्याकाळी कमरेवर हात ठेवून तो बघत राहिला. वाट कशी मोकळी झाली होती! ताई आली की खूश होईल, या विचाराने तो स्वतःच खूश झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तिथे आल्या. वाकून त्यांनी पाल्यात उलटं पडलेलं घरटं उचललं.

"रिकामंच आहे की ते," सलूनवाला म्हणाला.

"आता आहे," बाई म्हणाल्या आणि घरटं तसंच हातात धरून निघून गेल्या.

त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माणसापेक्षा पाखरू मोठं का, असं त्याने स्वतःला समजावलं.

ताई परतली. संध्याकाळी नेहमीसारखी निघाली आणि थोड्याच वेळात घरी आली. गुडघे दुखतात म्हणाली. त्यानंतर ती गेलीच नाही. खिडकीशी बसून राहायची. सलूनवाला मनातून धुसफुसला. एवढा राबलो, कौतुकाचा एक शब्द नाही! बाईंनी हिचे कान भरले असणार, हे त्याने परस्पर ठरवूनही टाकलं.

महिन्याभराने ती केस कापून घ्यायला दुकानात आली. तिचे केस लहानपणापासून तोच कापायचा. कात्री धरायला शिकला तोच मुळी तिच्या केसांवर. दुपारची वेळ, दुकानात दोघंच. त्याने तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, पाण्याचा फवारा मारला. कापून झाल्यावर त्याने खुर्ची फिरवून समोर केली आणि सवयीने विचारलं, "बघ, कसं झालंय?"

ताईने मान जरा डावीकडे केली, जरा उजवीकडे केली. "छान झालंय. कानाजवळ थोडं जास्त घेतलंस का?"

समोर भिंत होती. तडकलेला आरसा त्याने बदलायला दिला होता. भिंतीवर चार खिळे आणि एक फिकट चौकोन, एवढंच होतं. आता ही हसेल म्हणून तो थांबला. ती हसली नाही. भिंतीकडे बघत तिने कानामागचे केस सारखे केले.

त्याच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"ताई, कधीपासून?"

तिला कळायला एक क्षण लागला. मग तिने हात पुढे करून भिंत चाचपली. "आरसा काढलास होय," ती हळूच म्हणाली. "दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, इलाज नाही. उजेड आणि सावल्या, एवढंच कळतं."

"आणि तळ्यावर एकटी जात होतीस?"

"काटा बाहीला लागला की डावीकडे वळायचं. उग्र वास आला की पुढे उतार. मधमाश्या ऐकू आल्या की तळं आलंच. पायाला गवत लागेनासं झालं तर वाट चुकली." ती थांबली. "आता कुठेच काही लागत नाही रे."

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर एकटीला सोडलं असतंस?"

नसतंच सोडलं. आणि एवढी वर्षं रोज समोर असलेल्या बहिणीकडे आपण कधी धड बघितलंही नाही, हे त्याला आत कुठेतरी टोचलं. तो तिथेच, तिच्या कापलेल्या केसांत, खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. ताईने अंदाजाने हात पुढे करून त्याच्या डोक्यावर ठेवला.

त्याने बाईंचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. बाईंनी रोपं दिली, मंडळ कामाला आलं, पण काठ पूर्वीसारखा व्हायला चार-पाच वर्षं तरी लागतील, असं त्या म्हणाल्या. त्याने ताईला ते सांगितलं. "तोवर पाय चालले पाहिजेत," ती म्हणाली.

आता संध्याकाळी दुकान लवकर बंद करून तोच तिला नेतो. ती त्याचं कोपर धरून चालते. पहिल्या दिवशी बरंच चालल्यावर तिने विचारलं, "वळण आलं का?"

"मागेच गेलं, ताई."

ती थबकली. "मग इथे काय आहे?"

त्याने दोन्हीकडे बघितलं.

"काही नाही," तो म्हणाला. "मोकळं आहे."

ती पुढे चालू लागली. एका हाताने तिने त्याला धरलं होतं. दुसरा हात तिने बाजूला, थोडा पुढे धरला होता, पूर्वी काठाला लागायचा तसा. तळं येईपर्यंत तो तसाच हवेत राहिला.