नेब्रास्काचा माणूस

दामिनीनं आंबिलीचा चमचा अप्पांच्या तोंडाच्या डाव्या, शाबूत कोपऱ्याला लावला. थोडी आंबील आत गेली, उरलेली हनुवटीवरून ओघळली. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"झालं का, अप्पा?"

अप्पांनी मान भिंतीकडं फिरवली. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून गुंडप्पांचं बोलणं एवढंच उरलं होतं. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, शब्द आत आहेत, बोलत राहिले तर त्यांना वाट सापडेल. पण पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा 'पाणी'च्या जागी भलताच आवाज निघाला आणि भेटायला आलेल्या एका व्यापाऱ्याला हसू आवरलं नाही. त्या दिवशी अप्पांनी जे तोंड मिटलं ते मिटलंच. एक लुगडं घ्यायला आलेल्या बाईला बोलता बोलता घरादाराचे कपडे घ्यायला लावणारा हा माणूस. उदगीरच्या बाजारात त्यांच्या जिभेचं कौतुक होतं. आता दुकान मुलगा श्रीशैल बघत होता आणि अप्पा भिंत बघत होते.

बाकी सगळं दामिनीची आई लक्ष्मम्मा, तिची अव्वा, करायची. सकाळी अंग पुसायची, धोतर बदलायची, कपाळाला विभूती लावायची. तेव्हाही अप्पा तिच्याकडं बघायचे नाहीत. लक्ष्मम्मा तक्रार करणाऱ्यातली नव्हती. नांदेडहून रजा टाकून लेक आली, तेव्हा न्हाणीत बादली भरता भरता ती एवढंच म्हणाली होती, "तोंड बी फिरवून घेतात गं. मी काय परकी हाय का?"

दामिनीला क्लेटन वेअर आठवला तो दुकानात. श्रीशैलला डबा द्यायला ती गेली होती. गल्ल्याच्या मागं बसवेश्वरांची तसबीर आणि शेजारी, दामिनीच्या लहानपणापासून होतं तसंच, इंग्रजी मासिकातलं त्याचं पिवळं पडलेलं चित्र. उंच टोपी, बारीक केलेले डोळे, हातात घोड्याचा लगाम. अप्पा कॉलेजसाठी दोन वर्षं हैदराबादला होते, तेव्हा सिकंदराबादच्या एका टॉकीजला रविवारी सकाळी जुने अमेरिकन सिनेमे स्वस्तात लागायचे. पुढं आजोबा अचानक वारले, शिक्षण सुटलं, अप्पा दुकानात बसले. त्या सिनेमांतला लाडका नट क्लेटन वेअर तेवढा त्यांच्यासोबत उदगीरला आला. गिऱ्हाईक विचारायचं, हा कोण? अप्पा म्हणायचे, "आमचाच मानूस हाय."

त्या दुपारी तिनं खाटेजवळ खुर्ची ओढली आणि फोन उघडला.

"अप्पा, तुमच्या वेअरची गोष्ट सांगू?"

मान भिंतीकडंच. ती तरीही सांगू लागली. पडद्यावर तो कायम टेक्ससचा गुराखी असायचा, म्हणून तिनं फोनकडं न बघताच सुरुवात केली.

"क्लेटन वेअरचा जन्म टेक्ससमधला. बाप शेतकरी..."

खाट करकरली. अप्पांचा डावा हात गादीवर आपटला होता. मान वळली होती. जबडा हलत होता, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. दामिनी घाबरून उठली.

"ने..." अप्पा म्हणाले. "ने... ब्रास... का."

स्वयंपाकघरातून अव्वा पिठाच्या हातांनी धावत आली. "काय म्हनले? पानी मागायलेत का?"

"नाही अव्वा," दामिनीला हसू आणि रडू एकदमच आलं. "नेब्रास्का म्हणाले."

"ते काय अस्तंय?"

"राज्य आहे. तिकडं, अमेरिकेत."

अव्वानं नवऱ्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांनी उघडलेल्या तोंडातून तिचं नाही, लेकाचं नाही, देवाचंही नाही, तर हे असलं नाव निघालं होतं. तरीही तिनं पिठाचे हात जोडून कपाळाला लावले.

दुसऱ्या दिवसापासून दामिनी जाणूनबुजून चुकू लागली. वेअर आधी ट्रक चालवायचा, ती म्हणाली. "दूध," अप्पा म्हणाले. "दुधाची... गाडी." मग पुढची गोष्ट ती बरोबर सांगायची, की दुधाच्या गाडीचा घोडा सांभाळायची सवय होती म्हणून त्याला स्टुडिओत काम मिळालं. सिनेमात घोड्यावरून पडताना दिसायचे ते नट नव्हेच, त्यांच्या जागी हा पडायचा. तीन वर्षं नुसता पडत राहिला. एकदा खऱ्या नायकाचा पाय मोडला आणि दिग्दर्शकानं ह्याला म्हटलं, आज पडू नकोस, तोंड इकडं कर. ती 'दोन वर्षं' म्हणाली की अप्पा बोटं दाखवून "तीन" म्हणायचे. या माणसाच्या बाबतीत अप्पांची एकही चूक निघाली नाही. ती रात्री ताडून बघायची आणि थक्क व्हायची.

वेअरची बायको एलेन स्टुडिओत कपडे शिवायची, हा भाग अप्पांना दोनदा ऐकायचा होता. पहिल्या मोठ्या सिनेमाचा त्याचा कोट तिनंच शिवला होता. "कापड," अप्पा समाधानानं म्हणाले. तेव्हा खाटेच्या पायथ्याशी अव्वा त्यांच्या उजव्या पायाला तेल चोळत बसली होती. तिला सिनेमातलं काही कळत नव्हतं, पण आता ती गोष्टीच्या वेळेलाच तेल घेऊन यायची.

रजा संपायला आली, तशी गोष्टही शेवटाला आली. पुढचं वाचायला दामिनी मागल्या दारी पायरीवर बसली. साठाव्या वर्षी वेअर सेटवरच कोसळला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुन्हा तो कधी पडद्यावर आला नाही. एलेन त्याच्या चार वर्षं आधीच त्याला सोडून गेली होती. शेवटची अकरा वर्षं त्यानं एका वृद्धाश्रमात काढली, पगारी नर्सच्या देखरेखीत.

दुपारी तिनं वेअरला मिळालेल्या बक्षिसांची गोष्ट लांबवायला घेतली. अप्पांनी हात हलवला.

"फुडं," ते म्हणाले. "आजारी... पडला. त्ये."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. दामिनीनं अव्वाकडं पाहिलं. अव्वा खाली मान घालून पोटरी चोळत होती.

"हां. आजारी पडला," दामिनी म्हणाली. "पण वर्षाच्या आत उठला, अप्पा. सगळं नीट झालं. परत सिनेमा केला, लोकांनी डोक्यावर घेतला..."

"न्हाई."

अप्पा शांतपणे म्हणाले. हात आपटला नाही.

"परत... आला न्हाई. घरीच. पडून." त्यांनी श्वास घेतला. "लई वरसं. बायकोनं... केलं. समदं."

दामिनीच्या मांडीवर फोन होता. तिनं तो पालथा केला. अप्पांची नजर भिंतीवर नव्हती. ती अव्वाच्या तेलकट हातांवर होती.

"हाव अप्पा," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

अव्वाचे हात थांबले.

"समदं म्हन्जी? न्हाऊ-खाऊ घालायची व्हय?" तिनं लेकीला विचारलं.

"हाव."

"चांगली होती म्हनायची बाई. शिवनकाम करनारी ती?"

"हाव."

अव्वा पुन्हा पोटरी चोळू लागली. गल्लीतून बोहारणीची आरोळी आली आणि दूर गेली.

"अन् मग त्यो काय म्हनायचा तिला?"

अप्पांनी तोंड उघडलं. जबडा हलला, ओठ एका बाजूला ओढले गेले. डोळ्यांत पाणी जमलं आणि ते लपवायला त्यांनी मान वळवली नाही. दामिनी खुर्चीच्या कडेवर आली, पण मदतीला एकही शब्द तिनं दिला नाही.

"काय... न्हाई," शेवटी ते म्हणाले. "म्हनता... येत न्हवतं. त्याला."

अव्वानं तेलाची वाटी जवळ ओढली आणि दुसरा पाय, ज्याला काहीच झालं नव्हतं, तो मांडीवर घेतला.

"कळत आसंल की तिला," ती म्हणाली.