खऱ्यालेच कर म्हणे मोतीराम

मी एक जुनी लॅमिनेशन मशीन आहे. जानेफळच्या बसस्टँडसमोर मोईजचं झेरॉक्सचं टिनाचं दुकान आहे, त्यात दाराजवळच्या टेबलावर माझी जागा. पोटात दोन गरम रूळ. इकडून कागद घाला, तिकडून तो प्लॅस्टिकात चकचकीत होऊन निघतो. मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू फार गोड बोलतात असं ऐकून आहे. माझ्याकडून ती आशा धरू नका. बारा वर्षं पदवीधरांचे कागद चावून माझं तोंड कडू झालंय.

मी कोणत्या कारखान्यात जन्मले ते मला आठवत नाही. आठवतं ते अकोल्याहून एस.टी.त मोईजच्या मांडीवर बसून आले ते. तो तेव्हा नुकताच बी.ए. झाला होता आणि जग जिंकल्यासारखा बसला होता. मला चालू करून पहिला कागद त्यानं कोणता घातला असेल? स्वतःची पदवी! वर्षभरानं एका नोकरीसाठी तीच पदवी घेऊन तो बुलढाण्याला गेला. खिडकीवरच्या साहेबांनी प्लॅस्टिकवर बोट वाजवलं आणि म्हणाले, ह्याच्यावर शिक्का कुठं मारू, तुझ्या कपाळावर? मोईज परत आला. पदवी कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगली आणि बाहेरच्या भिंतीवर पुठ्ठा लावून मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘ओरिजनल कागद लॅमिनेट करू नये.’ तीन वर्षांच्या कॉलेजातून त्यानं मिळवलेलं खरं ज्ञान एवढंच, असं माझं मत आहे.

कॉलेजचं शिक्षण म्हणजे काय ते मी ह्या टेबलावरून पाहिलंय. शेजारी झेरॉक्स मशीन आहे, ती बिचारी मार्च महिन्यात रडकुंडीला येते. एक प्रोजेक्ट चाळीस पोरं काढून नेतात, फक्त वरचं पान बदलतं. एकदा एका हुशारानं वरचं पानही बदललं नाही आणि दुसऱ्याच्या नावानं पास झाला. गाईडची पानं बोटाएवढी बारीक करून न्यायची, शर्टाच्या बाहीत दडवायची आणि निकाल लागला की गुलाल उधळायचा. मग गुणपत्रिका माझ्याकडं यायची. लॅमिनेट कर भाऊ, चांगली कडक कर! जे डोक्यात टिकलं नाही ते प्लॅस्टिकात टिकवायचं. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय?

आमच्या गावच्या ऋत्विकचंच घ्या. इंजिनिअर झाला तेव्हा त्याच्या मित्रांनी एवढा मोठा फ्लेक्स छापून आणला. गॉगल लावलेला फोटो आणि खाली ‘गावाची शान, ऋत्विकभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन’. तो लावला कुठं, तर आमच्याच भिंतीवर, मोईजची ती सूचना बरोब्बर झाकून. भाऊ पुण्याला गेले, आठ महिन्यांनी परत आले. आता रोज दुपारी स्वतःच्या फ्लेक्सखालच्या बाकड्यावर बसतात. कोणी विचारलं, “काय बे, लागला का कुठं?” की म्हणतात, “प्रोसेस चालू हाय.” दोन वर्षं झाली, प्रोसेस काही संपत नाही.

अशा लोकांना पाहून पाहून मी एक गोष्ट ठरवून टाकली होती, की पदवी घेऊन येणारा प्रत्येक माणूस पोकळ असतो. म्हणून मोतीराम आला तेव्हाही मी नाक मुरडलं.

मोतीराम म्हणजे मिरची-वांगी करणारा शेतकरी. चौथी शिकलेला. त्याची लेक प्रतीक्षा बी.एस्सी. झाली, घरातली पहिली पदवीधर. बाजाराच्या दिवशी तो भाजी विकून थेट दुकानात आला. पिशवीत मेथीच्या जुड्यांखाली पेपरात गुंडाळलेली पदवी होती. मेथीखाली पदवी! आणि कागदाच्या कोपऱ्यात बोटाएवढा लालसर डाग. गबाळा माणूस, मी मनात म्हटलं.

मोईजनं कागद पाहिला आणि थांबला. “काका, हे ओरिजनल हाय. ह्याले नका करू. रंगीत झेरॉक्स काढतो, तिले करून देतो.”

“काऊन?” मोतीराम म्हणाला. “पोरगी खरी शिकली ना बाप्पा? मंग नकलीले काऊन करू? खऱ्यालेच कर.”

“काका, माह्यं ऐका. मी सोता फसलो हाय.”

“तू बी.ए. हाय, माही पोरगी बी.एस्सी. हाय,” मोतीराम म्हणाला. मोईजनं दोनदा अजून सांगून पाहिलं, मग हात टेकले आणि कागद माझ्या तोंडात दिला. मी तो खुशीनं गिळला. म्हटलं, घ्या, अजून एका बापाची मिरवायची हौस भागली.

महिनाभरानं प्रतीक्षाला जालन्याला बियाण्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेतली जागा मिळाली. वशिला नाही, ओळख नाही. तिनं परीक्षा दिली, बियाणं उगवून दाखवलं आणि निवडली गेली. अट एकच होती. मूळ पदवीच्या मागच्या बाजूला विद्यापीठाचा पडताळणीचा शिक्का हवा, तोही सोमवारपर्यंत. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. प्रतीक्षा विद्यापीठात गेली तर खिडकीवरच्या बाईंनी पदवी उलटसुलट केली आणि परत सरकवली. प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. दुसरी प्रत काढायची तर दोन महिने.

बुधवारी सकाळी ती दुकानात आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. मागं मोतीराम होता, दाराबाहेरच उभा राहिला.

“मोईजभाऊ, हे निंघते का?” तिनं पदवी टेबलावर ठेवली.

मोईजनं पदवी उजेडात धरून दोन्ही बाजू पाहिल्या. “पुढची बाजू निंघणार नाही, छपाई संगं येईन. मांगची बाजू पाहू शकतो. पुन्हा मशीनमंधून गरम करून काढाचं अन् गरम हाय तवाच सोलाचं. पण मशीन जुनी हाय, ताई. मांगच्या साली तिनं एकाचा दाखला गिळला होता.”

हे खरं होतं. तो दाखला माझ्या रुळांभोवती गुंडाळला गेला होता आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नव्हतं.

प्रतीक्षा वळली आणि इतक्या दिवसांचं एकदम बाहेर आलं. “तुमाले कोनं सांगतलं होतं, बाबा? मले इचारलं का? सगळ्या गावाले दाखवाची एवढी घाई झाली होती?”

“दाखवाले नाही व माय,” मोतीराम म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की बाकड्यावरच्या ऋत्विकनंही मोबाईल खाली ठेवला. “मी रोज काढून पाह्यतो ते. तुह्या नावावर बोट ठेवतो, एक एक अक्षर. मिरच्या तोडून आलो होतो तवा डाग पडला. तू म्हनली, बाबा हात नका लावू, मळते. मंग मले वाटलं, प्लॅस्टिक केलं तर मळन नाही. मंग मले हात लावता येईन.”

प्रतीक्षाचा राग जागच्या जागी विझला. ती खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. आठवलं असणार तिला. बोलून गेली होती सहज, पोरं बोलतात तशी.

आणि मी? बारा वर्षांत मला पहिल्यांदा लाज वाटली. तो डाग मी पाहिला होता, त्यावरून माणसाला गबाळा म्हटलं होतं. ज्यांना अक्कल नाही अशांच्या कागदांना हसता हसता मी ह्या माणसालाही हसले. मोईज मला तापवत होता आणि मी एकच गोष्ट मनात घोकत होते, की आज अडकायचं नाही. शेंडी तुटो की पारंबी तुटो, आज हा कागद सरळ बाहेर काढायचा.

मोईजनं कडा कापल्या आणि पदवी माझ्या तोंडाशी धरली. कागद आत आला. निम्म्यावर माझा मागचा रूळ कुरकुरला, दाखल्याच्या वेळी कुरकुरला होता तसाच. मोईजनं ‘या अल्लाह’ म्हणत मला थांबवायच्या बटनावर हात नेला. मी जीव खाऊन फिरले. कागद बाहेर पडला, वाफाळता. मोईजनं ब्लेडनं कोपरा उचलला आणि प्लॅस्टिक सावकाश, उकडलेल्या अंड्याचं टरफल काढावं तसं सोलत नेलं. एका कोपऱ्यात कागद टर्रकन फाटला. प्रतीक्षाच्या तोंडून “अयाई!” निघालं. पण फाटला तो नखाएवढाच, पुढच्या डागाच्या मागं. बाकी सगळी मागची बाजू कोरडी, पांढरी, मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी शिक्का बसला. खिडकीवरच्या बाईंनी पुन्हा नाक मुरडलं म्हणे, पण मारला. सोमवारी प्रतीक्षा जालन्याच्या बसमध्ये बसली. ऋत्विकनं तिला ‘ऑल द बेस्ट’ म्हटलं आणि परत बाकड्यावर बसला. सगळंच बदलतं असं थोडंच आहे!

पण जायच्या आधी ती दुकानात आली होती. तिनं पदवीची रंगीत झेरॉक्स काढून घेतली, डागासकट, आणि मोईजला म्हणाली, “हिले लॅमिनेट करून द्या. चांगली कडक.” ती प्रत तिनं मोतीरामच्या हातात ठेवली. मोतीराम त्या दिवशी मिरच्याच तोडून आला होता, नखं लाल होती.

मोईज हसून म्हणाला, “काका, आता नकली चालन का?”

मोतीरामनं बोट प्लॅस्टिकवर ठेवलं. लेकीच्या नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ते सावकाश फिरवलं. मग सदऱ्याच्या टोकानं प्लॅस्टिक पुसलं आणि पुन्हा पहिल्या अक्षरावर आला. “नाव तर खरंच हाय ना,” तो म्हणाला.

मित्रांनो, मी अजूनही तुमच्या गुणपत्रिकांना हसते आणि हसतच राहणार. पण हात जोडता आले असते तर जोडून सांगितलं असतं. तुमचे खरे कागद माझ्या तोंडात देऊ नका, मी म्हातारी झालेय आणि माझा भरवसा नाही. आणि घरात कोणाचे हात मळलेले असतील तर त्यांना ‘हात लावू नका’ म्हणू नका. झेरॉक्स काढा आणि माझ्याकडं घेऊन या. तेवढ्यासाठी मी लगेच तापते.