फ्लेक्सचा बांबू

अंकुरचा हात त्याच्या तोंडाच्या आधी चालायचा, आणि सीताबाईला नेमकं तेच खपत नव्हतं. माणसानं तोंड चालवावं, त्यासाठीच ते दिलेलं असतं. तिचं स्वतःचं तर अख्ख्या केनवड गावात चालायचं. पण या नातवाला बोलायचाच कंटाळा. मळ्यातल्या मोटारीचा स्टार्टर लागला नाही, यानं तो दगडानं फोडला. भेंडीत शिरलेल्या वासराला फावड्याच्या दांड्यानं असं हाणलं, की त्याचा मागचा पाय कायमचा अधू झाला. बाप नथ्थू कौतुकानं म्हणायचा, पोरात रग आहे, पोलिसात कामी येईल. आणि खरंच अंकुर भरतीत धावण्यात पास झाला, लेखीत पास झाला. आता चारित्र्याची पडताळणी तेवढी राहिली होती. ठाण्यात नावावर काही निघालं नाही, की वर्दी अंगावर. नथ्थूनं गावात पेढे वाटूनही टाकले. सीताबाईनं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, एक त्या वासराले नेऊन दे आधी.

अंकुरची धाकटी बहीण सायली अकोल्याला चित्रकला शिकत होती. सुट्टीत तिनं ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये आपल्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं. आठवडी बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बाया तिनं काढल्या होत्या. वांग्यांच्या ढिगामागं बसलेली सीताबाईही होती त्यात. सीताबाईनं ते चित्र जवळून पाहिलं, दुरून पाहिलं, आणि नाक जरा लहान काढलं असतं तर तुझं काय गेलं असतं, असं विचारलं. पण मग सगळ्या बायांना धरून धरून त्याच चित्रासमोर उभं करत होती.

फ्लेक्स अंकुरनं आणला. कोणाला न विचारता रिसोडहून छापून आणला आणि हॉलच्या दारात दोन बांबूंना बांधला. मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘सायली आर्ट्स एक्झिबिशन’, आणि कोपऱ्यात गॉगल घातलेला स्वतःचा फोटो. सीताबाईला इंग्रजी येत नव्हतं, मराठीही दुसरीपुरतंच. तिला फक्त फोटो कळला. बहिणीची चित्रं अन् भावाचं थोबाड, ती म्हणाली.

दुपारी हरीओम आला. सीताबाईच्या मेलेल्या दिराचा हा मुलगा. नात्यानं अंकुरचा काका, वयानं थोडाच मोठा. रिसोडला इंग्रजीचे क्लास घ्यायचा आणि क्लासबाहेरही घेत राहायचा. लग्नपत्रिका हातात पडली तरी आधी चुका काढायचा. तो फ्लेक्सखाली उभा राहिला, हात मागं बांधून त्यानं मोठ्यानं वाचलं आणि अंकुरला जवळ बोलावलं.

“चित्रांचं असलं त आर्ट एक्झिबिशन म्हनतात, बाबू. आर्ट्स म्हंजे बीएवाले. तुहे राह्यलेले पेपर टांगले काय अंदर?”

चहाचे कप घेऊन उभी असलेली माणसं हसली. अंकुर बीएला दोनदा बसून घरी आलेला, हे सगळ्यांना ठाऊक. तरी लोकांचं हसणं त्यानं गिळलं असतं. पण दारात सायली उभी होती, तीही हसली, आणि म्हणाली की काका बरोबर बोलून राहिले, छापायच्या आधी मला विचारायचं होतं ना.

अंकुरनं बांबू उपटला. फ्लेक्स त्याला तसाच लटकत होता. पहिला तडाखा हरीओमच्या खांद्यावर बसला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलंही नव्हतं. दुसरा डोक्यावर बसला. बैलगाडीतून कोहळं खाली पडावं तसा आवाज आला. हरीओम पायरीवर आडवा झाला, त्याच्या कानावरून रक्त वाहून फ्लेक्सवर पसरलं. एवढ्यावर कोणीही थांबला असता. अंकुर बरगड्यांवर मारत राहिला, गुडघ्यांवर मारत राहिला, आणि मारताना एक शब्द बोलत नव्हता. माणसं मागं सरकली. कोणाच्या हातातला कप पडला, कोणी तो तसाच धरून उभा राहिला.

सायली मधे शिरली. तिनं उजवा हात वर केला आणि बांबू मनगटावर उतरला. हॉलच्या आतून हे सगळं बघत, बायांच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या सीताबाईला हाड मोडल्याचं ऐकू आलं. ती धावत दाराशी आली तेव्हा अंकुरचा बांबू हवेत थांबला होता. तो सायलीच्या हाताकडे बघत होता. वेडावाकडा लोंबणारा हात त्यानं नीट पाहिला. मग सायलीच्या डोक्यावरून त्यानं बांबू पुन्हा हरीओमवर हाणला.

सीताबाई ओरडली नाही. ती गेली, आणि नातवाच्या दंडात तिनं दात रोवले. तोंडात उरलेले जेवढे होते तेवढे सगळे. त्यानं कोपरानं तिला ढकललं, तिच्या ओठातून रक्त आलं, तरी तिनं सोडलं नाही. बांबू त्याच्या हातातून पडला तेव्हाच तिनं तोंड उघडलं.

हरीओम वाचला. डोक्याला टाके, बरगड्या मोडलेल्या, वाशीमच्या दवाखान्यात. सायलीचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. दवाखान्यातून ठाण्याला कळलं होतं, म्हणजे जमादार येणार हे नक्की. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच नथ्थूनं गोष्ट बांधली. फ्लेक्स बांधताना हरीओम स्टुलावरून पडला, सायली त्याला सावरायला गेली. हॉलवर जे जे होते त्यांनी ती मान्यही केली. उद्याच्या पोलिसाशी वैर कोण घेणार. सायलीनंही मान खाली घालून हो म्हटलं.

जमादार दौलतसिंग आले, आणि त्यांच्या मागून हरीओमची आई बेबीताई आली. तिचं आणि सीताबाईचं, दोघी जावांचं, विहिरीच्या पाण्यावरून इतकी वर्षं भांडण, की एकमेकींच्या ओट्यावर त्या बसत नसत. आज बेबीताई ओट्यावर बसली. रात्रभर दवाखान्यात बसून तिचा आवाज गेला होता. शिव्या देईल म्हणून सीताबाई पदर खोचून तयार होती, पण बेबीताईनं शिव्या दिल्या नाहीत.

“मोठ्या बाई, हरीओम म्हन्ते, मोठमाय सांगन तेच माहा जबाब. तुमी म्हना पडला, त पडला. मी काई बोलत नाही.”

सीताबाईला हे शिव्यांपेक्षा जड गेलं. या बाईनं तिला पाणीचोर म्हटलं होतं, कजाग म्हटलं होतं, खोटारडी मात्र एकदाही म्हटलं नव्हतं. जमादारांनी कागद मांडीवर घेतला. नथ्थू आईच्या कानाशी वाकून पुटपुटला, पोराची जिंदगी आहे, माय. अंकुर उंबऱ्यावर बसला होता, आजी चावली तिथं दंडावर पट्टी. त्याच्या तोंडावर भीती नव्हती. घर आपल्यासाठी बोलणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. सकाळपासून त्यानं सायलीच्या हाताची चौकशीही केली नव्हती.

सीताबाईनं जमादारांना थांबायला सांगितलं आणि नातवाला एकच विचारलं.

“तुले दिसलं होतं ना, का हात सायलीचा हाय?”

“दिसलं ना,” अंकुर म्हणाला. “पन थे मधात आली काहून?”

सायलीनं मान वर केली. नथ्थूनं डोळे मिटले. सीताबाई जमादारांकडे वळली आणि बांबू उपटल्यापासून दात रोवेपर्यंत सगळं सांगितलं, सायलीच्या हाताकडे बघून पुन्हा हाणलेला तो तडाखाही सोडला नाही. नथ्थू मधेच उठून मळ्याकडे निघून गेला, तरी ती थांबली नाही. जमादारांनी जबाब वाचून दाखवला. अंगठा नको म्हणून तिनं वेळ घेऊन, अक्षर अक्षर काढून सही केली. बेबीताई तोंडाला पदर लावून रडत होती.

अंकुर उभा राहिला. आजीकडे बघताना त्याच्या मुठी वळल्या होत्या. सीताबाईनं त्या मुठी पाहिल्या, आणि सुजलेल्या ओठानं, आवाज न चढवता बोलली.

“पाय, आताबी तुहा हातच बोलून राह्यला. हरीओमचं तोंड वाईट हाय, माह्यंबी हाय. तोंडाले तोंडानं उत्तर द्याव, नसन येत त गुमान बसाव. तू डोये उघडे ठेवून बहिणीवर बांबू उचलला. उद्या तुले सरकारनं काठी देल्ली, त थ्या बाजारातल्या बायाईले वाचवाले मधात कोन येईन? मी नाही देऊ देत. जाय जमादारासंगं. सुटून आला का ये, भाकर तुले ह्या घरात हाय. वर्दी नाही.”