नाल्यापल्याडची हाक

निकिताची एक खोड मथुराबाईला मुळीच खपत नसे. समोरच्याला समजलं नाही, की पोरगी तेच वाक्य मोठ्यानं म्हणायची. जशी काही आजी बहिरी. कान मथुराबाईचे शाबूत होते. शाळा तेवढी दुसरीत सुटली होती.

उद्या यवतमाळच्या एका कॉलेजात निकिताला नोकरीसाठी धडा घेऊन दाखवायचा होता. विषय रेडिओचा, आवाज लहरीवर कसा चढवतात तो. आधी दोन ठिकाणी तिला परत पाठवलं होतं. 'पोरांना समजलं नाही' असा शेरा मारून. म्हणून सकाळपासून मारेगावच्या घरी, ओसरीत, आजीवर सराव चालला होता.

"वाहक लहर, आजी. तिची उंची बदलली की एएम. वारंवारता बदलली की एफएम."

"वरडून काहून राह्यली? मले हे सांग, बदलते कायले?"

निकितानं वही मिटली. "जाऊ दे. तुले नाही समजणार."

हे मात्र लागलं. तुरीच्या शेंगा सोलणारे हात थांबले.

"तुहा आजा, डोमाजी, रातच्याले पीक राखाले जागलीले जाये. नाल्यापल्याड वावर. मचाणावरून बोललेलं इथवर येत नसे, पण लांब हाक येये. होऽऽऽ. मंग आमी ठरवलं, हाक जोरात आली त डुकरं आले, माणसं धाड. हळू आली त भाकर आण."

"हे एएम," निकिता पुटपुटली.

"असन. एक दिवस वारा उलटा सुटला. त्याची जोराची हाक माह्यापाशी हळूच आली. मी आपली भाकर घेऊन निंगाली. तिकडं डुकरायनं अर्धी ज्वारी लोळवलेली. रागवाले पाहिजे होता डोमाजी. मले पाहून हासत बसला."

तो गेल्याला बारा वर्षं झाली होती. आता वावरातून फोनच येत.

"मंग ठरलं. बारीक आवाजाची हाक म्हणजे डुकरं, जाड आवाजाची म्हणजे भाकर. वारा हाक लहान करे, पण बारीक हाक जाड नाही करत."

निकिता आजीसमोर येऊन बसली. मग तिनं वही न उघडता पहिल्यापासून सगळं आजीलाच सांगितलं, हळू, एकेक. हाक म्हणजे वाहक लहर. जोर बदलला ते एएम, जाड-बारीक बदललं ते एफएम. वाऱ्यासारखा अडथळा जोर बदलतो, जाड-बारीक नाही; म्हणून एफएमवर खरखर कमी. मथुराबाईनं एकदाही टोकलं नाही.

"समजलं, आजी?"

मथुराबाईनं पदरानं डोळे पुसले आणि सूप पुढे ओढलं.

"तुले जमते शिकवाले. पण तिथं तुह्या आज्याचं नाव घेजो. नाही त मी सोता येईन सांगाले."