सुरू झालं की हात वर कर

माझ्या थोरल्या भावाने व्हायोलिनवर जगभर नाव कमावलं आणि त्यासाठी त्याला एकही धून वाजवावी लागली नाही. हे मी कुचकटपणे म्हणत नाही. म्हणजे थोडं कुचकटपणे म्हणतेच, कारण त्या सबंध काळात त्याच्या शेजारी पियानोवर मी बसले होते.

पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी हवा कोरडी ठणठणीत होती. मी पियानोच्या मधल्या एका पट्टीवर बोट ठेवून सूर दिला आणि दादा त्या सुराला तार लावू लागला. सगळेच वादक लावतात, मिनिटभराचं काम. पण लाकडी खुंटी आकसली होती. तार लागली की खुंटी सरकायची आणि तार पुन्हा उतरायची. आमचा दादा हट्टी, केसभर उतरलेल्या तारेवर तो धून सुरू करणार नाही. पस्तीस मिनिटांनी तार तुटली. दादाने माफी मागायला मान खाली घातली आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

दुसऱ्या दिवशी एका समीक्षकाने लिहिलं की, संगीताच्या उंबरठ्यावर इतका वेळ उभं राहून आत न जाण्याचं धाडस आजवर कुणी केलं नव्हतं. झालं, तिथून सुरुवात. निमंत्रणं आली, मानपत्रं आली, तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यातल्या एकीवर फक्त जाड तार आहे. शिष्यही जमले, आणि ज्याची तार पटकन लागे त्याला बघून बाकीचे नाकं मुरडत.

दादाला मात्र यातलं काही नको होतं. दर कार्यक्रमाआधी कोट चढवताना तो म्हणायचा, "आज सुरू करतोच बघ." मी म्हणायचे, "कर." आणि खुंटी सरकायची. मी कितीदा सांगितलं की खुंटीला खडू फास, सरकणार नाही, सगळे फासतात. "खडू शाळेत वापरतात," असं म्हणून तो विषय संपवायचा. घरी तो कार्यक्रमासाठी ठरवलेली धून रोज वाजवायचा, पण खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केल्यापासून तारांवर रबरी चिमटा लावून, कपड्यांच्या कपाटात तोंड घालून. बाहेर डास गुणगुणल्याएवढाही आवाज येत नसे.

आणि आई ती धून ऐकायची वाट बघत होती. बारा वर्षांचा असताना दादाने तीच चार मिनिटांची धून तिला स्वयंपाकघरात वाजवून दाखवली होती. पुन्हा एकदा ऐकायची, एवढाच तिचा हट्ट. म्हणून ती प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसायची. पुढे तिला ऐकू कमी येऊ लागलं, कानात यंत्र आलं. तार लावतानाची किरकिर यंत्रातून डोक्यात जायची, म्हणून ती ते बंद करून ठेवी. तिने मला खूण ठरवून दिली होती.

"सुरू झालं की हात वर कर. मी तुझ्याकडेच बघत असते."

कार्यक्रमांना एकतीस वर्षं झाली, हात वर करायची वेळ एकदाही आली नाही.

गेल्या महिन्यात कानाचे डॉक्टर म्हणाले की यंत्राचा उपयोग आता फार तर दोन-तीन आठवडे, मग तोही नाही. आईने मान डोलावली आणि घरी येताना विचारलं, "दादाचा पुढचा कार्यक्रम कधी आहे?" रविवारी होता. मी खोलीत जाऊन दार लावून रडले. मग तोंड धुऊन खडू विकत आणला.

रविवारी दुपारी दादा कोटाची बटणं लावत होता तेव्हा मी चारही खुंट्या काढून खडू फासला आणि तारा परत चढवल्या. आमचा पियानो टेम्पोतून आमच्याबरोबर फिरायचा आणि तो सुरात लावणारा माणूसही. त्याचं काम दोन मिनिटांत आटपायचं. एवढा चपळ माणूस दुसरा नाही, असं आम्ही सगळ्यांना सांगत असू. त्या दिवशीही त्याने दोन मिनिटांत झाकण बंद केलं.

पाच वाजता पडदा उघडला. मी सूर दिला. दादाने गज ओढला, खुंटी जराशी पिळली, दुसरी, तिसरी, चौथी. तारा लागल्या आणि लागलेल्याच राहिल्या. दादाचा चेहरा पांढरा पडला.

"अगं, लागली," तो पुटपुटला.

"मग वाजव."

"आत्ता?"

"एकतीस वर्षं झाली, दादा."

त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं. बोटांना खडू होता. मला वाटलं, हा आता व्हायोलिन ठेवून चालता होणार. पण त्याने डोळे मिटले आणि सुरू केलं.

मी साथीला दोन्ही हात पियानोवर टाकले आणि त्यातून भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज आला. विंगेत तो चपळ माणूस उभा होता. त्याने खांदे उडवून एक बोट दाखवलं. खरंच आहे. आम्ही वापरायचो एक पट्टी, तो लावायचा एक पट्टी. बाकीच्यांना एकतीस वर्षांत त्याने हात लावला नव्हता. मी हात काढून घेतले. दादा थांबला नाही.

सभागृहात चुळबूळ सुरू झाली. तिसऱ्या रांगेतल्या एका शिष्येने तोंड झाकून घेतलं. दोघं-तिघं उठून गेले. समीक्षकाने वही मिटली. उतारवयात माणूस खचला, असं त्याने नंतर छापलं. दादा वाजवत होता, कपाटाबाहेर, मोकळ्या आवाजात, आणि ते इतकं सुंदर होतं की मला त्याचा भयंकर राग आला. एवढं असून इतकी वर्षं वाट बघायला लावली.

माझे हात मोकळेच होते. मी उजवा हात वर केला.

आई माझ्याकडेच बघत होती. तिला आधी खरं वाटेना. मग तिची बोटं कानाशी गेली, चाचपडली, बटण सापडलं. तोवर अर्धी धून होऊन गेली होती. उरलेली दोन मिनिटं तिने मान तिरकी करून, जराही न हलता ऐकली.

धून संपली. कुणी टाळी वाजवली नाही. त्या शांततेत आई शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळली आणि बहिरी माणसं बोलतात तशी मोठ्याने, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "हा माझा मुलगा. हा व्हायोलिन वाजवतो."

माझा हात अजून वरच होता.