एकगठ्ठा विकणे आहे

जाहिरात चार ओळींची होती आणि त्या चारही ओळी तुसड्या होत्या. ‘वर्कशॉप बंद. लेथ, ड्रिल, प्रेस, खाणीवर चालवलेले दोन जुने फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक. एकगठ्ठा विकणे आहे. फोटो मिळणार नाहीत, येऊन बघा.’

टिल्लूने ती मोबाइलवर दोनदा वाचली आणि मामाला घेऊन निघाली. टिल्लू हे तिचं लाडाचं नाव, आणि ते उंचीवरून पडलेलं होतं हे सांगायला नको. कारखान्यात आठ वर्षं ती टर्नर होती. आता स्वतःची शेड भाड्याने घेतली होती, दारावर पाटीही रंगवून झाली होती, फक्त आत मशीन नव्हतं. सात महिने ती जुने लेथ बघत फिरत होती, आणि जिथे जावं तिथे वरून नवा रंग नि आतून सगळा खुळखुळा. एका पंपवाल्याने काम द्यायचं कबूल केलं होतं, पण लेथ पहिल्या तारखेला चालू पाहिजे असं बजावून. पहिली तारीख नऊ दिवसांवर आली होती.

“मामा, हात खिशात,” फाटकापाशी तिने दटावलं.

त्याला कारण होतं. मामा जन्माचा फिटर. बिघडलेली वस्तू दिसली की त्याच्या हातांना खाज सुटायची. मागच्या खेपेला त्याने विकणाऱ्याचा कॉम्प्रेसर भाव ठरायच्या आधीच दुरुस्त करून दिला होता, आणि त्या शहाण्याने कॉम्प्रेसर विकायचाच रद्द केला.

“खिशातच आहेत की,” मामा म्हणाला. पण त्याची नजर अंगणातल्या दोन ट्रककडे कधीच गेली होती.

दार एका बाईंनी उघडलं. सत्तरीच्या, ठेंगण्याठुसक्या, कपाळावर कायमची आठी. वर्कशॉप मात्र असं लख्ख की टिल्लूला चपला बाहेर काढाव्याशा वाटल्या. पाने मापाप्रमाणे टांगलेले, ड्रिलच्या टेबलावर चुकून पडलेलं एकही भोक नाही. मामाने ते बघितलं आणि त्याचा ऊर भरून आला. त्याने हात जोडले.

“ताई, माणूस जातो, पण त्याचा हात असा मागे राहतो. साहेब फार मोठे कारागीर असणार.”

“साहेब कुठे गेलेत?” बाई म्हणाल्या. “आत भांडी घासतायत.”

मामाने हात पुन्हा खिशात घातले आणि ट्रक बघतो म्हणून जे तोंड लपवून पळाला, ते वळूनही बघितलं नाही.

टिल्लू हसू दाबत लेथकडे वळली आणि मग हसायचं विसरली. तिने सॅडलचं, म्हणजे हत्यार घेऊन बेडवरून सरकणाऱ्या भागाचं, चाक फिरवलं. जुन्या लेथवर सॅडल चकजवळ सैल आणि पुढे घट्ट लागला की समजायचं, बेड झिजलाय. इथे तो या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा सरकत गेला. तिने पुन्हा फिरवून पाहिलं. हेच मशीन, दुसरं नाही.

खाली जाड लाकडी फळी टाकलेली होती. ती सवयीने तिच्यावर चढली. कारखान्यात ती आठ वर्षं खोक्यावर उभी राहून काम करायची आणि त्यापायी आठ वर्षं टोमणे ऐकायची. इथे फळीवर चढताच सगळे हँडल नेमके हाताच्या उंचीला आले. पायांखाली लाकूड दोन ठिकाणी झिजून खोलगट झालं होतं, आणि तिची पावलं त्यांत बरोबर बसली.

तिने फळीकडे बघितलं, मग बाईंच्या पायांकडे.

“काकू, हा लेथ तुम्ही चालवत होता?”

बाईंच्या कपाळावरची आठी क्षणभर उलगडली.

“एकेचाळीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “अकरा माणसं बघून गेली. अकराही जणांनी विचारलं, मिस्टर कुठल्या कंपनीत होते? मी एकालाही सांगितलं नाही. म्हटलं, डोळे आहेत ना त्यांना.” त्या जवळच्या स्टुलावर बसल्या. “आता गुडघे उभं राहू देत नाहीत.”

“मला द्या हा. मी सांभाळीन. पहिल्या तारखेला एका पंपवाल्याचं काम सुरू करायचंय.”

“तुलाच द्यावासा वाटतोय. पण एकटा नाही मिळायचा. नुसता लेथ सगळ्यांनाच हवा असतो. तो गेला की त्या बंद पडलेल्या ट्रकांना कोण विचारणार? दुपारी भंगारवाला येतोय, तो सगळंच उचलणार आहे.”

“लेथ भंगारात?” टिल्लूचा आवाज चिरकला.

“मला काय हौस आहे? ट्रक सुरूच होत नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाने किल्ली फिरवून बघितली.”

टिल्लू रडायच्या बेतात होती. हातातोंडाशी आलेला घास ट्रकांपायी जाणार होता. इतक्यात अंगणात काहीतरी खोकलं, पुन्हा खोकलं, आणि असा दणदणीत आवाज झाला की टांगलेले पाने किणकिणले.

“मामा!” ती किंचाळली.

मामा ट्रकच्या बॉनेटवर चढून बसला होता. खिशात एकही हात नव्हता.

“अगं, डिझेलच्या पाइपात हवा होती, एवढंच!” तो आनंदाने ओरडला. “हवा काढली, लागली चालायला! पण एक कळेना. बंद ट्रकला नवीकोरी बॅटरी कशी? टायरांतही हवा टाइट. आणि दोन्ही ट्रकांच्या पाइपाचा तोच स्क्रू ढिला!”

स्वयंपाकघराच्या दारातून एक उंच म्हातारे गृहस्थ धावत आले. हात कोपरापर्यंत फेसाने माखलेले.

“कोणी हात लावला माझ्या गाडीला?” त्यांनी गरजून विचारलं, आणि मग बायकोकडे बघितलं. लगेच आवाज उतरला. “म्हणजे... चालू झाली वाटतं.”

बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“अकरा गिऱ्हाइकं,” त्या सावकाश म्हणाल्या. “दर वेळी तुम्ही आधी अंगण झाडायला जायचात. मी म्हणायची, नवरा सुधारला.”

“तीस वर्षं चालवल्यात मी त्या,” म्हातारे पुटपुटले. “तू म्हणालीस विकू या. मी नाही कसं म्हणणार? तुझा लेथ जाणार, आणि मी गाड्या ठेवायच्या, हे बरं दिसतं का?”

“अहो, तुमच्या गाड्या जाव्यात म्हणून मी माझा लेथ भंगारात घालायला निघाले होते!”

अंगणात ट्रक धडधडतच होता. आणि मग बाई हसायला लागल्या. हसता हसता स्टुलावर बसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. मामाला कशावर हसायचं ते नीटसं कळलं नव्हतं, पण तोही मनापासून सामील झाला.

“भंगारवाल्याला फोन करा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “म्हणावं, येऊ नकोस. गाड्या राहू देत तुमच्या, लेथ या पोरीचा. आणि हात धुवा, फेस गळतोय.”

व्यवहार पाच मिनिटांत आटोपला. टिल्लूने घासाघीस केलीच नाही, तिला ते सुचलंच नाही. चेनपुलीने लेथ उचलायला मात्र दुपार गेली. मामा आणि म्हातारे एकमेकांना सूचना देत होते आणि कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं. अखेर लेथ ट्रकमध्ये बसला, दोर आवळले गेले. म्हातारे स्टिअरिंगमागे चढले तेव्हा त्यांचा चेहरा लग्नाच्या फोटोतल्यासारखा दिसत होता.

टिल्लू बाईंच्या पाया पडायला वाकली, तर जागेवर बाई नव्हत्याच. त्या मोठी स्पिरिट लेव्हल काखोटीला मारून गुडघे सावरत केबिनची पायरी चढत होत्या.

“काकू, तुम्ही कुठे?”

“कुठे म्हणजे? तुझ्या शेडमध्ये. लेथ लेव्हलमध्ये कोण बसवणार, हा तुझा मामा?” त्यांनी आतून दार ओढून घेतलं. “आणि पंपवाल्याला कळव, त्याचा पहिला जॉब मी बघितल्याशिवाय बाहेर जायचा नाही.”